संतपटांचे शिल्पकार : साहेबमामा फत्तेलाल

१९३६ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १२ तारखेस मुंबईंत गिरगांवच्या सेंट्रल सिनेमांत ‘संत तुकाराम’ हा बोलपट प्रथम दाखविण्यांत आला. त्यांत प्रणयाची कथा नव्हती, नामांकित नटी नव्हती, डोळे दिपवून टाकणारे महाल नव्हते. देहूच्या एका दिवाळें निघालेल्या वाण्याचा संसार, त्याची कष्टाळू आणि फटकळ बायको, दोन मुलें, एक म्हैस आणि विठोबाचें देऊळ, एवढेंच काय तें त्या चित्रपटाचें भांडवल. तथापि त्या एका चित्रपटगृहांत तो सतत ५७ आठवडे चालला. एकाच ठिकाणीं वर्षाहून अधिक काळ चालण्याचा मान भारतीय चित्रपटांत प्रथम त्यालाच मिळाला. पुढल्याच वर्षीं व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवांत त्याचा विशेष गौरव झाला, आणि मराठीचा एक अक्षरहि न कळणाऱ्या परीक्षकांनीं देहूच्या त्या वाण्याला जगांतील उत्कृष्ट चित्रपटांच्या पंक्तींत बसविलें.

त्या चित्रपटाच्या आरंभीं दिग्दर्शक म्हणून दोन नांवें पडद्यावर येतात. एक विष्णुपंत दामले यांचें आणि दुसरें एस. फत्तेलाल यांचें. पहिले गृहस्थ पेणचे ब्राह्मण. दुसरे कोल्हापूरजवळच्या कागलचे मुसलमान. ज्यांच्या हातांनीं पडद्यावरचें देहू उभें राहिलें, ज्यांच्या नजरेनें विठोबाचा गाभारा आणि तुकोबांचें मोडकें घर आधीं पाहिलें, ते शेख फत्तेलाल स्वतः वारकरी नव्हते, हिंदुहि नव्हते. परधर्मांत जन्मलेल्या मनुष्यानें मराठी माणसाच्या अगदीं जिव्हाळ्याच्या दैवताला हात घालावा, आणि त्या हातानें घडविलेल्या मूर्तीपुढें मराठी माणसानें वर्षभर रांग लावावी, ही गोष्ट सहज घडलेली असली तरी साधी नव्हे. ती कशी घडली हें समजण्यासाठीं गिरगांव सोडून कोल्हापुरांत जावयास हवें.

फत्तेलाल यांचा जन्म १८८६ सालचा. त्यांच्या घरच्या नांवाला ‘मिस्त्री’ ही उपाधि जोडलेली होती, आणि ती पुढें त्यांच्या सबंध आयुष्याला शोभून दिसली. त्यांच्या तरुणपणींचें कोल्हापूर म्हणजे शाहू छत्रपतींचें कोल्हापूर. गवई, मल्ल, चितारी, नट या साऱ्यांना त्या संस्थानांत आश्रय होता. दरबारीं गायक अल्लादिया खां होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा निसर्गाचा थोर चितारी त्याच गांवांत रंग कालवीत होता. गुणी मनुष्याची जात विचारण्याच्या आधीं त्याचें काम पाहावें, ही रीत त्या गांवाला नवी नव्हती.

याच गांवांत आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या दोघां एकजीव भावंडांनीं चित्रशाळा थाटली होती. गांव त्यांना ‘पेंटर बंधु’ म्हणूनच ओळखी. नाटकमंडळ्यांसाठीं पडदे रंगविणें हा त्यांचा मुख्य व्यवसाय. मार्ग, महाल, अरण्य, देऊळ हीं सारीं कापडावर अशीं उतरत कीं पडदा वर जातांच प्रेक्षागृहांतून टाळी यावी. फत्तेलाल या चित्रशाळेंत आले, दामलेहि तेथेंच आले, आणि दोघांची जी जोडी जमली ती मृत्यूनेंच मोडली. फत्तेलाल रंगरेषांचे, तर दामले यंत्राचे. एकाचा जीव आकृतींत, दुसऱ्याचा पेंच आणि चाकें यांत. लहानथोर सर्वजण त्यांना ‘साहेबमामा’ आणि ‘दामलेमामा’ म्हणूं लागले. एका घरांत दोन मामा असावेत तशी ती हांक होती.

चित्रपटाची ओढ कोल्हापुराला लागली ती दादासाहेब फाळके यांच्यामुळें. आणि फाळके यांना ती लागली ती ख्रिस्तचरित्रावरील एका परदेशी चित्रपटामुळें. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंतील एका तंबूवजा चित्रगृहांत त्यांनीं तो पाहिला, आणि ख्रिस्ताच्या जागीं त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यांतून १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. भारतीय चित्रपटाचें पहिलें पाऊलच असें एका धर्माच्या कथेवरून दुसऱ्या धर्माच्या कथेकडे पडलें आहे. धार्मिक चित्रपटाचा विचार करतांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. भक्ति दाखविण्याची विद्या कोणा एका पंथाची मिरास म्हणून या देशांत आलीच नाहीं.

‘हरिश्चंद्र’ पाहून पेंटर बंधूंनीं स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्यें आनंदराव अकालीं गेले. बाबूरावांनीं दामले यांच्या साहाय्यानें तें काम तडीस नेलें, आणि परदेशांतून यंत्र न आणतां कोल्हापुरांतल्या कारागिरांनीं घडविलेला कॅमेरा चालूं लागला. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. तिला भांडवल पुरविण्यांत तानीबाई कागलकर या गायिकेचा मोठा वांटा होता. १९२० मधील ‘सैरंध्री’ हा त्या कंपनीचा पहिला चित्रपट. लोकमान्य टिळकांनीं त्याबद्दल बाबूरावांचा गौरव केला. या कंपनींत पगार थोडा आणि काम अपार. दृश्यें उभारणें, वेष रेखाटणें, छायाचित्रण करणें, फिल्म धुणें, जें पडेल तें साहेबमामांनीं केलें. दहा वर्षांच्या त्या उमेदवारीनें त्यांना एक गोष्ट शिकविली : पडद्यावरील भिंत खोटी असली तरी ती खऱ्या मनुष्याच्या वापरांतली दिसली पाहिजे. १९२८ मध्यें दामले आणि फत्तेलाल यांनीं ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला; जोडीनें केलेलें त्यांचें हें पहिलें दिग्दर्शन.

१९२९ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी निघाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी असे पांच भागीदार. पहिले चौघेहि बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झालेले. ‘गोपालकृष्ण’पासून आरंभ करून प्रभातनें सहा मूकपट काढले, आणि १९३२ मध्यें ‘अयोध्येचा राजा’ हा आपला पहिला बोलपट प्रकाशित केला. हाहि कोल्हापुरांतच तयार झाला. अयोध्येचें तें वैभव साहेबमामांच्या कलादिग्दर्शनाचें, आणि बोलका झालेला तो आवाज दामलेमामांच्या ध्वनियंत्राच्या अभ्यासाचा. पुढें १९३३ मध्यें कंपनी पुण्यास गेली. कोल्हापुरानें घडविलेलें हें बिऱ्हाड पुण्यांत स्थिरावलें, तरी त्याची काम करण्याची धाटणी मात्र मिस्त्रीच्या कारखान्याचीच राहिली. मालक आणि नोकर एकाच वेळीं कामाला येत, आणि जो हातोडी मारूं शके त्याला हातोडी मारण्याची लाज वाटत नसे.

तुकारामांवर त्यापूर्वींहि चित्रपट निघाले होते. चमत्कार दाखविण्याची सोय म्हणून संतचरित्र हा चित्रपटांचा आवडता विषय होताच. वह्या नदींतून तरून येतात, विमान आकाशांतून उतरतें, शेतांतलें नासलेलें पीक पुन्हा उभें राहतें; कॅमेऱ्याला जें सहज साधतें तेंच या कथांत भरपूर आहे. दामले-फत्तेलाल यांनींहि हे चमत्कार टाळले नाहींत. शिवराम वाशीकर यांच्या कथेंत ते आहेत आणि पडद्यावरहि आहेत. परंतु या दोन मामांनीं चमत्काराच्या आधीं संसार उभा केला, हें त्यांचें वेगळेपण.

ज्यांनीं तो बोलपट पाहिला असेल त्यांना तुकोबांचें घर आठवत असेल. पोपडे आलेल्या मातीच्या भिंती, जातें, चूल, हातानें सारवलेली जमीन आणि त्या जमिनीवर रिकामीं पडलेलीं भांडीं. वास्तविक असें घर उभारणें महाल उभारण्याहून कठीण. महालाचें खोटेपण शोभेंत लपतें. गरिबाच्या घराचें खोटेपण लपवायला जागा नसते, कारण पाहणाऱ्यांपैकीं निम्मे लोक तशाच घरांतून आलेले असतात. कोनाडा कोठें असतो, चुलीच्या धुरानें भिंतीचा कोणता भाग काळा होतो, मडकें कोठें टेकून ठेवतात, हें ज्यानें डोळसपणें पाहिलें असेल त्यालाच तें साधावें. साहेबमामांनीं तें पाहिलें होतें. कागल-कोल्हापूरकडील कष्टकऱ्याचें घर, मग तें हिंदूचें असो वा मुसलमानाचें, चुलीपाशीं आणि जात्यापाशीं एकच असतें.

त्या घराची मालकीण म्हणजे जिजाई. गौरी या नटीनें ती भूमिका केली. प्रभातमध्यें तोंवर किरकोळ कामें करीत आलेली ही बाई. तिला साज चढविला नाहीं, तिची भाषा घासूनपुसून घेतली नाहीं. नवरा विठ्ठलाच्या नादीं लागून घर विसरतो म्हणून ती विठ्ठलावरच संतापते. मूल तापानें फणफणलें असतां ती हातांत पायताण घेऊन देवळांत शिरते आणि देवाला जाब विचारते. परधर्मीय दिग्दर्शकानें हिंदूच्या देवापुढें पायताण उगारलेली स्त्री दाखवावी, आणि हिंदु प्रेक्षकानें तें पाहून क्षुब्ध न होतां डोळे पुसावे, यांत त्या चित्रपटाचें सारें रहस्य सांठविलें आहे. प्रेक्षकाला ठाऊक होतें कीं हा अपमान नव्हे. हें भांडण घरच्या माणसाचें आहे. ज्याचें मन स्वच्छ आहे त्यालाच असा प्रसंग निर्भयपणें दाखवितां येतो. ज्याला धर्माबद्दल केवळ भीति आहे तो देवाला फुलें वाहून मोकळा होतो; ज्याला माणसाबद्दल आदर आहे तो भक्ताच्या बायकोचा रागहि पूजेंतच धरतो.

तुकारामांच्या भूमिकेसाठीं विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली. नाटकमंडळींत स्त्रीभूमिका करून नांव मिळविलेले हे नट भजनहि मोठ्या प्रेमानें गात. त्यांच्या चालण्याबोलण्यांतला मवाळपणा कोणाला दोष वाटला असता. तोच येथें गुण ठरला. केशवराव भोळे यांनीं संगीत देतांना एक मर्म सांभाळलें. तुकोबांचें गाणें साधें, ओघवतें, टाळांच्या ठेक्यावर चालणारें. आणि त्यांचे अभंग चोरून स्वतःचे म्हणून मिरविणाऱ्या सालोमालोचें गाणें नटवें, ताना-मुरक्यांचें. संत कोण आणि सोंग कोणाचें, हें पडद्यावर कोणी न सांगतां कानांना कळतें. शांताराम आठवले यांनीं या चित्रपटासाठीं लिहिलेली एक रचना इतकी तुकोबांच्या वळणाची उतरली कीं ती गाथेंत शोधणारेहि निघाले. पागनीस यांच्या बाबतींत तर भूमिका आणि मनुष्य यांतील रेघच पुसट झाली. १९४३ मध्यें त्यांचें निधन झालें, तोंवर तुकारामांची वृत्ति त्यांनीं अंगावरून उतरविली नाहीं. कित्येक मराठी घरांत आजहि तुकोबा म्हटले कीं डोळ्यांपुढें उभें राहतें तें पागनीस यांचेंच रूप.

शेवटच्या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावें. तुकोबा वैकुंठाला निघाले आहेत. ते बायकोलाहि चल म्हणतात. परंतु ती संसार टाकून जावयास राजी नाहीं. विमान वर जातें, आणि प्रेक्षकाचें अर्धें मन खालीं, त्या अंगणांत राहतें. चमत्कार दाखवूनहि त्याची किंमत विचारणारा असा प्रसंग त्या काळच्या धार्मिक चित्रपटांत दुर्मिळ होता. वैकुंठ खरें असेल, पण मुलांना भाकरी कोण घालणार, हा जिजाईचा प्रश्न दिग्दर्शकांनीं उत्तर न देतां तसाच ठेवला.

या यशानंतर दोन्ही मामांनीं १९३८ मध्यें ‘गोपालकृष्ण’ बोलपट केला, १९४० मध्यें ‘संत ज्ञानेश्वर’ आणि १९४१ मध्यें राजा नेने यांच्यासह ‘संत सखू’. ‘ज्ञानेश्वर’ हा त्यांतील सर्वांत अवघड. भिंत चालविणें, रेड्याच्या मुखीं वेद वदविणें हे चमत्कार यंत्रबळानें साधतील. परंतु संन्याशाचीं मुलें म्हणून वाळींत टाकलेल्या भावंडांचें दुःख यंत्रानें साधत नाहीं. त्या चित्रपटांत तरुण ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनीं केली. मोडक अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतले. म्हणजे आळंदीच्या ज्ञानराजाचें रूप ख्रिस्ती नटाचें, त्यामागील दृष्टि मुसलमान कलावंताची, आणि त्याचा सोबती ब्राह्मण! मोडक यांनीं पुढें श्रीकृष्णाच्या भूमिका इतक्या केल्या कीं प्रेक्षक त्यांना कृष्ण म्हणूनच ओळखूं लागले.

हें ऐकून ज्यांना नवल वाटेल त्यांनीं त्याच अहमदनगरची आणखी एक गोष्ट आठवावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला, पण ख्रिस्ताची भक्ति गाण्यासाठीं त्यांना अभंगाचाच छंद जवळचा वाटला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांच्याहि पूर्वीं, त्याच जिल्ह्यांतल्या श्रीगोंद्यास शेख महंमद होऊन गेले. जन्मानें मुसलमान, आणि वारकऱ्यांनीं संत म्हणून मानलेले. अशा भूमींत साहेबमामांनीं तुकाराम घडविला, तर तो अपवाद नव्हे. ती जुन्या वहिवाटीचीच वाट होती. फरक इतकाच कीं शेख महंमदांनीं शब्दांनीं केलें तें फत्तेलाल यांनीं बांबू, गोणपाट, माती आणि प्रकाश यांनीं केलें.

१९४१ मध्येंच प्रभातनें ‘शेजारी’ काढला. हिंदु-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीची आणि त्यांच्यांत परक्यानें घातलेल्या बिब्ब्याची ती कथा. दिग्दर्शक शांताराम होते. परंतु या विषयाचा खरा दाखला प्रभातच्या आवारांत रोज हिंडतफिरत होता. दामलेमामा आणि साहेबमामा यांनीं एकमेकांच्या धर्माविषयीं भाषणें केलीं नाहींत. ते एकत्र काम करीत राहिले, आणि एकाच्या नांवाशेजारीं दुसऱ्याचें नांव लिहिलें जात राहिलें.

१९४२ मध्यें शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. १९४५ च्या जुलै महिन्यांत दामलेमामा निवर्तले, आणि तीन दशकांची ती जोडी फुटली. त्यानंतर प्रभातचे दिवस फिरले, आणि १९५३ मध्यें ती कंपनी बंद पडली. ज्या आवारांत साहेबमामांनीं देहू आणि आळंदी वसविली होती, तेथें १९६० मध्यें सरकारनें चित्रपटाचें शिक्षण देणारी संस्था सुरू केली. आजहि पुण्यांत नवे विद्यार्थी त्याच जागेंत शिकतात. साहेबमामांनीं मात्र उतारवयांतहि हात थांबविला नाहीं. १९५५ मध्यें त्यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘जगद्गुरु शंकराचार्य’ हा चित्रपट निघाला. मधल्या काळांत देशाची फाळणी होऊन गेली होती. धर्माच्या नांवानें शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांचीं घरें जाळलीं होतीं. त्यानंतर आठच वर्षांनीं कागलच्या या मुसलमान कारागिरानें आद्य शंकराचार्यांचें चरित्र पडद्यावर मांडावें, यांत कोणताहि गाजावाजा नव्हता. पूर्वींचें काम त्यांनीं पुढें चालू ठेवलें, इतकेंच. १९६४ मध्यें त्यांचें देहावसान झालें.

धार्मिक चित्रपट काढणाऱ्याला धर्म कोणता असावा, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. साहेबमामांच्या आयुष्यांतून त्याचें उत्तर शोधूं जातां, तें शास्त्रार्थाच्या भाषेंत मिळत नाहीं. तें कामाच्या भाषेंत मिळतें. भिंत बांधणारा मिस्त्री ओळंबा सोडतो. भिंत देवळाची आहे कीं मशिदीची, हें ओळंब्याला कळत नाहीं. ती सरळ आहे कीं कललेली, एवढेंच तो सांगतो. साहेबमामांनीं तुकोबांच्या घराला असाच ओळंबा लावला. जिजाईच्या रागाला, चुलीच्या धुराला, टाळांच्या ठेक्याला त्यांनीं खरेपणाचीच कसोटी लावली. ती भिंत सरळ उतरली म्हणूनच तिच्या आश्रयाला विठोबा येऊन उभा राहिला, आणि त्याच्या दर्शनाला गिरगांवांत वर्षभर वारी लोटली.